भंगारातले बोर्ड आणि फुटाचा भाव: लास व्हेगासचं निऑन म्युझियम

"आई, तू मोजतेयस?"

मोजतच होते. समोर 'स्टारडस्ट' हॉटेलचं दातेरी कडांचं, माणसाहून उंच अक्षर खडीवर टेकवून ठेवलेलं आणि मी बोटांच्या पेरांवर फूट लावत होते. जवळ जाऊन पाहिलं तर आत नळी नाहीच, बल्बांचे होल्डर ओळीने. नाव निऑन म्युझियम आणि पहिल्याच मोठ्या नगात निऑनचा पत्ता नाही! माझ्या रजिस्टरमध्ये हे 'इतर विद्युत काम' या खात्यात गेलं असतं.

आधी माझी ओळख सांगते, नाहीतर ही बाई काय मोजतेय असं वाटायचं. परळला एका गाळ्यात निऑन साइनचं वर्कशॉप होतं. तिथे मी 1981 ते 2003 हिशेब लिहिले. निऑनचं बिल रनिंग फुटावर निघतं. बोर्ड केवढा, अक्षर केवढं, याला महत्त्व नाही. सगळी काचेची नळी उलगडून सरळ धरली तर किती फूट भरेल, त्यावर पैसे. साधा लाल स्वस्त, बाकीचे रंग महाग. इंग्रजी अक्षर स्वस्त, मराठी महाग, कारण 'ळ'च्या दोन वाट्या वाकवताना काच हमखास तडकायची आणि ती तूट आम्ही दरातच धरलेली असायची. शिरोरेघेची नळी वेगळी. दादरच्या एका साडीवाल्याने तासभर घासाघीस केली आणि शेवटी दुकानाचं 'कमळ'चं 'कमल' करून टाकलं. दीड फूट वाचला त्याचा.

काच वाकवणाऱ्या कारागिराला सगळे मामा म्हणायचे. माझं टेबल त्यांच्या बर्नरपासून सहा-सात फुटांवर. बावीस वर्षं पाहत होते. टेबलावर अक्षराचा उलटा काढलेला कागद, तोंडात रबराची बारीक नळी, दुसरं टोक काचेच्या नळीत. काच लाल होऊन मऊ पडली की ती वाकताना चपटी होऊ नये म्हणून मामा हलकेच फुंकर मारायचे आणि कागदावर टेकवून कोन जुळवायचे. हे सगळं काही सेकंदांत. तेवढ्या वेळात मी फोन उचलायची नाही, घंटी वाजली तर वाजू दे.

तर गेल्या डिसेंबरात मुलगी, जावई आणि नातू यांच्याबरोबर फिनिक्सहून गाडीने लास व्हेगासला गेलो. जावयांची यादी तयार होती: कारंजी, जादूचा प्रयोग, हूव्हर धरण. मी एकच गोष्ट मागितली. जावई म्हणाले, "जुने बोर्ड? तिकीट काढून?" त्यांचा चेहरा पाहून आमचे शेठच आठवले. गाळा रिकामा करताना उरलेसुरले बोर्ड त्यांनी भंगारवाल्याला किलोवर दिले. पत्र्याचा भाव आला, काचेचे काही नाही. ती पावतीसुद्धा मीच फाडली.

म्युझियम स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या पट्ट्यात नाही, पण त्याच लास व्हेगास बुलेव्हार्ड रस्त्यावर, उत्तरेला जुन्या गावाच्या बाजूला आहे. लांबूनच 80 फूट उंच गिटार दिसते. हार्ड रॉक कॅफेबाहेर असायची ती. इथे आणून 2019 मध्ये पुन्हा पेटवली. नातवाला तेवढी गिटार पुरली, आत नाही आला तरी चाललं असतं.

तिकिटाचं आधी सांगते. वेळ ठरवून ऑनलाइन काढायचं. अंधारातल्या वेळा आधी भरतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर संध्याकाळशिवाय विचारही करू नका, सगळं उघड्यावर आहे आणि व्हेगासचं ऊन म्हणजे नागपूरकरालाही दोन घटका सावली शोधायला लावेल असं. आम्ही डिसेंबरातली चारची वेळ घेतली आणि ती मी हिशेबाने घेतली होती. तिथे तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पहिला अर्धा तास बोर्डांचा पत्रा, गंज, रंगाचे पोपडे, होल्डर, वायरी सगळं उजेडात दिसतं आणि मग त्याच बोर्डांसमोर उभं राहून दिवे लागलेले पाहता येतात. बोर्ड दिवसा कसा दिसतो हे बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. शेठ नव्या गिऱ्हाइकाला जुनं काम दाखवायचे ते नेहमी दुपारी. रात्री सगळेच बोर्ड चांगले दिसतात, असं त्यांचं म्हणणं. बंद पायाचे बूट घाला, खाली खडी आहे. मी चपला घातल्या होत्या. कळलं.

आत शिरता ती इमारतसुद्धा मूळची इथली नाही. शिंपल्यासारख्या कमानींची, काँक्रीटची, ही 'ला काँचा' नावाच्या मोटेलची लॉबी. बांधली 1961 मध्ये, रेखाटली पॉल रेव्हेअर विल्यम्स यांनी. कृष्णवर्णीय वास्तुविशारद. गोऱ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या शेजारी बसायला संकोच वाटे, म्हणून ते टेबलापलीकडे बसून उलटं चित्र काढायला शिकले, म्हणजे समोरच्याला ते सुलटं दिसेल. हे ऐकल्यावर मला मामांचे उलटे कागद आठवले, पण मामांचं कारण वेगळं, फक्त काचेचं होतं. मोटेल पाडायच्या वेळी या लॉबीचे आठ तुकडे करून 2006 मध्ये इथे आणले आणि पुन्हा जोडले. सांधे शोधत मी पाच मिनिटं वर बघत उभी होते. जावयांनी तोवर तिकिटाचा क्यूआर दाखवून घेतला.

मागचं आवार म्हणजे खरं म्युझियम. इंग्रजीत त्याला 'बोनयार्ड' म्हणतात, हाडांचं आवार. हा शब्द म्युझियमवाल्यांनी शोभेसाठी शोधलेला नाही, साइन कंपन्यांच्या आवाराचा जुना शब्द आहे. आणि इथेच मला त्या जागेचं गुपित उलगडलं, तेही गाईडच्या एका वाक्यातून, जे तिने सहज सांगून टाकलं आणि पुढे गेली. मी मात्र तिथेच थांबले.

या शहरातले मोठे बोर्ड बहुतेक भाड्याने दिलेले असत. यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी, 1920 ची, यूटामधली, व्हेगासच्या बोर्डांतलं सगळ्यात मोठं नाव. बोर्ड कंपनीचा, जागा हॉटेलची, आणि दर महिन्याला भाडं आणि देखभालीचे पैसे. हॉटेल बुडालं, मालक बदलला किंवा नवा झगमगीत बोर्ड हवा झाला की जुना उतरवून कंपनी परत आपल्या आवारात नेऊन टाकायची. पुढे कधी सुटे भाग लागले तर उपयोगी पडतील म्हणून. अशी तीस-चाळीस वर्षं हाडं साठत गेली. नंतर कला चळवळीतल्या लोकांनी पाठपुरावा केला, 1996 मध्ये ना-नफा संस्था म्हणून म्युझियम उभं राहिलं, आणि 2012 च्या ऑक्टोबरपासून हे आवार सगळ्यांना तिकिटाने खुलं झालं.

म्हणजे बघा. आमच्याकडे बोर्ड गिऱ्हाइकाच्या मालकीचा. पन्नास टक्के ॲडव्हान्स, उरलेले बसवल्यावर, आणि मग तो बोर्ड त्याचा. दुकान बंद झालं की बोर्ड त्याच दिवशी भंगारात. त्याचं आमचं देणंघेणं संपलेलं. इथे बोर्ड परत घरी यायचा. ज्याने केला त्याच्याच दारात म्हातारा होऊन पडायचा. हे काही संस्कृतीवरच्या प्रेमाने वाचलेलं नाही, भाडेकराराने वाचलंय. प्रेम नंतर आलं. हिशेब लिहिणाऱ्या बाईला हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसरं कारण पाऊस. व्हेगासला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. मुंबईत तेवढा एका दिवसात पडतो आणि लोकलसुद्धा लगेच थांबत नाहीत. आमच्याकडे जूनच्या पहिल्या सरीबरोबर फोन सुरू व्हायचे. होल्डरमध्ये पाणी, ट्रान्सफॉर्मर पंधरा हजार व्होल्टपर्यंतचे, मग बोर्ड फुरफुरायचा आणि अर्धं नाव विझायचं. 'परमिट रूम'मधलं 'पर' गेलेलं मी स्वतः पाहिलंय. समुद्राची खारी हवा पत्रा खाते ते वेगळंच. इथे वाळवंटात पत्रा गंजतो, पण सावकाश, आणि खरा शत्रू म्हणजे ऊन. रंग उडालाय, पण सांगाडे धड आहेत. आमच्या हवेत असं आवार ठेवलं असतं तर दहा पावसाळ्यांत तिथे फक्त होल्डर सापडले असते.

आवारात दोनशेहून जास्त बोर्ड आहेत. सगळे पेटत नाहीत. थोडेच दुरुस्त करून पेटवलेले, बाकीच्यांवर जमिनीवरून रंगीत झोत टाकलेत. मला हे आवडलं आणि नाहीही आवडलं. झोतात गंजसुद्धा देखणा दिसतो, फोटो छान येतात, लग्नाआधीचे फोटो काढणारं एक जोडपं आमच्यापुढे चाललंच होतं. पण बोर्डाचा उजेड बोर्डातून बाहेर यायचा असतो. बाहेरून त्याच्यावर टाकलेला उजेड म्हणजे बंद दुकानाच्या शटरवर रस्त्यावरच्या दिव्याचा पडतो तसा. अर्थात, एक बोर्ड पुन्हा उभा करायचा म्हणजे पत्र्याचं, रंगाचं, वायरिंगचं आणि काचेचं अशी चार खाती उघडावी लागतात. त्यातल्या काचेच्या खात्याला माणूस मिळणं सगळ्यात कठीण. तेव्हा तक्रार नाही, नोंद आहे.

पेटवलेल्यांत माझा मुक्काम पडला तो 'मुलाँ रूज'पाशी. गुलाबी, तिरकी, एकमेकांत गुंफलेली अक्षरं. हे हॉटेल 1955 च्या मे महिन्यात उघडलं. त्या काळी स्ट्रिपवरच्या हॉटेलांत कृष्णवर्णीय कलाकार रात्री गात, नाचत, पण त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. 'मुलाँ रूज' हे शहरातलं पहिलं हॉटेल-कॅसिनो जिथे सगळ्यांना दार उघडं. वर्ष संपायच्या आत ते बंद पडलं. पुढे 1960 मध्ये त्याच बंद हॉटेलात बैठक होऊन स्ट्रिपवरचा वर्णभेद संपवायचं ठरलं. इमारत नंतर आगीत गेली, अक्षरं इथे आली. हे सगळं गाईडने सांगितलं आणि मी ऐकत होते, पण डोळे नळीवर.

नळी कशी वाचायची ते सांगते, म्हणजे तुम्ही गेलात तर बघाल. तिरक्या अक्षरांत नळी एका अक्षरातून दुसऱ्यात शिरते तेव्हा ती वाट डोळ्यांना दिसायला नको असते. मग तेवढ्या तुकड्यावर काळा रंग मारतात. उजेड आत चालूच असतो, फक्त झाकलेला. नळी मागे वळते, दुसऱ्या अक्षराच्या पोटातून पुन्हा पुढे येते. रंग नीट मारला असेल तर लांबून अक्षरं सुटी दिसतात, जवळून मात्र कळतं की सगळं एकाच दमात चाललंय. कारागिराची नजर काळ्या रंगाच्या कडेवर असते. कड सरळ असेल तर हात पक्का. मामा नवीन मुलाला पहिले सहा महिने काळा रंगच मारायला द्यायचे.

लाल-केशरी रंग हा शुद्ध निऑनचा. 1898 मध्ये लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी तो शोधला आणि 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी त्याचा दिवा मांडला. हा वायू हवेतच असतो, दहा लाख भागांत अठरा भाग. हवा गोठवून-गाळून तो वेगळा करतात. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. गुलाबी, हिरवा, पांढरा वगैरे म्हणजे आतून पावडर लावलेली नाहीतर मुळात रंगीत काच. पण बोलताना सगळ्याला निऑनच म्हणतात, जशी आपल्याकडे कुठलीही टूथपेस्ट कोलगेट.

वायू भरण्याआधी नळी पंपाला जोडतात आणि तिच्यातून इतका जोरात करंट सोडतात की काच भाजून निघते आणि आतली घाण सुटते. ही पायरी मामा कधीच दुसऱ्याला देत नसत. नळीवर वर्तमानपत्राचा चिटोरा ठेवायचे. तो तपकिरी झाला की काच तापली. थर्मामीटर वगैरे काही नाही. लोकसत्ताची किनार करपली की झालं! आमच्या गाळ्याला तो करपल्या कागदाचा वास कायमचा होता. व्हेगासमध्ये थंडीत उभी होते तर कुठूनसा जळक्या लाकडाचा वास आला आणि मी मागे वळून बघितलं.

थंडीवरून आठवलं. आर्गॉन-पारा थंडीत रुसतो, निऑनला फरक पडत नाही. एका गिऱ्हाइकाने महाबळेश्वरला हॉटेलच्या नावाचा निळा बोर्ड लावून घेतला आणि पहिल्याच जानेवारीत पत्र पाठवलं की रंग फिका झाला, पैसे परत करा. मामांनी उत्तर लिहायला सांगितलं: "मार्चपर्यंत थांबावे." मार्चमध्ये त्याचं दुसरं पत्र आलं नाही. व्हेगासची डिसेंबरची रात्रही चांगलीच गार असते. जायचं असेल तर स्वेटर घ्या.

रस्त्याकडेच्या मोटेलांचे बोर्ड मला कॅसिनोंपेक्षा जास्त आवडले. कॅसिनोंना पैशाची ददात नव्हती, अक्षरं मोठी करत सुटले. मोटेलवाल्याचं गणित वेगळं. गाडी ताशी साठ-सत्तर मैलांनी येतेय, चालवणारा दिवसभर वाळवंट बघून वैतागलाय, मागे पोरं रडतायत. त्याला काही सेकंदांत सांगायचं की इथे खोली आहे, पोहायचा तलाव आहे, थांब. म्हणून बोर्डावर बाण, सूर मारणारी बाई, घोडा, काय वाट्टेल ते. 'युक्का मोटेल'च्या बोर्डावर युक्का नावाचं वाळवंटी झाड आहे, टोकदार पानं आणि वर फुलांचा तुरा, सगळं नळीत. पानाचं टोक म्हणजे नळीला जवळजवळ उलटं दुमडणं, आणि अशी पानं एकाशेजारी एक. फुलांत तर नळी इतकी वळते की मोजायला घेतलं आणि तिसऱ्या फुलाला सोडून दिलं. काच इतकी देखणी की दिवा आहे का नाही याचं भानच राहिलं नाही. कुठल्या तरी साध्या मोटेलच्या मालकाने, खोल्यांचं भाडं किती येणार हे ठाऊक असूनही, या झाडाचे पैसे मोजले असणार. ती फाईल मला बघायला आवडली असती.

मी त्याचे आठ-दहा फोटो काढले आणि मामांना पाठवले. ते आता खेडला असतात, मुलाने स्मार्टफोन घेऊन दिलाय. आपल्याकडे तेव्हा सकाळ झालेली होती.

म्युझियममध्ये मला एक गोष्ट खटकली. आराखडा काढणाऱ्यांची नावं काही ठिकाणी तरी कळतात आणि ते योग्यच आहे. बेटी विलिस यांचं नाव तर घ्यायलाच हवं. 'मुलाँ रूज'ची अक्षरं त्यांची. शहराच्या दक्षिण टोकाला जो 'वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगास' बोर्ड आहे, ज्याच्यासमोर फोटोसाठी रांग लागते, तोही त्यांचा, 1959 चा. वरच्या 'वेलकम'च्या प्रत्येक अक्षरामागे पांढरा गोल आहे ना, तो चांदीचा डॉलर. तो बोर्ड क्लार्क काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, चार हजार डॉलरला विकला गेला आणि विलिसबाईंनी त्या आराखड्याचा कॉपीराइट घेतला नाही. शहराला माझ्याकडून भेट, असं त्यांचं म्हणणं. आता त्या बोर्डाचा चुंबक, कप, किल्लीची चेन, मोजे, सगळं या गावातल्या प्रत्येक दुकानात आहे. मी नातवासाठी चुंबक घेतला आणि मनातल्या मनात त्यावरची रॉयल्टी काढत बसले. पुरुषांच्या धंद्यात एकटी बाई म्हणजे काय असतं ते मला थोडंफार माहीत आहे. गाळ्यात चौदा पुरुष आणि मी. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून विचारायचं, "साहेब कुठे आहेत?"

पण काच वाकवणाऱ्याचं नाव? मला एकाही बोर्डाशेजारी दिसलं नाही. गाईडला विचारलं. ती म्हणाली, हे काम कारखान्यात अनेक हातांतून जायचं. खरं असेल. आमच्या बिलांवर तरी मामांचं नाव कुठे होतं? 'मजुरी' असं मीच लिहायचे.

उत्तरेकडच्या वेगळ्या आवारात रात्री एक कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट वेगळं. क्रेग विन्सलो या कलाकाराने 2018 मध्ये तो उभा केला. चाळीसहून जास्त मेलेले बोर्ड, त्यांच्यात वायर नाही, बल्ब नाही, आणि बाहेरून प्रोजेक्टरने त्यांच्यावर अचूक उजेड असा मारतात की प्रत्येक होल्डरमध्ये बल्ब लागल्यासारखा वाटतो. वर जुनी गाणी. मुलगी-जावई खूश. नातू तर उड्या मारत होता. मी मघाशी बाहेरच्या उजेडाबद्दल नाक मुरडलं, पण हा प्रकार वेगळा. इथे एकेक होल्डर मोजून त्याच्यापुरता उजेड पाडलाय. पत्र्याला एक भोक न पाडता बोर्ड कसा होता ते दाखवलंय. संपल्यावर प्रोजेक्टर बंद होतो आणि समोर पुन्हा गंजका पत्रा. तो क्षण मला कार्यक्रमाहून जास्त भिडला, पण त्यासाठी ते तिकीट आकारत नसावेत.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही मिळून चौघांचं तिकीट हा आमच्या सहलीतला सगळ्यात सरळ खर्च होता. जेवढं लिहिलं तेवढं घेतलं. उलट आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलने (नाव घेत नाही) खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त रोजची 'रिसॉर्ट फी' लावली, त्यात वायफाय आणि पोहण्याचा तलाव, आणि तलाव हिवाळ्यासाठी बंद. मी काउंटरवर जाऊन बिलाची फोड मागितली. त्या मुलाने फार अदबीने दिली. फोडीत एकच ओळ होती: रिसॉर्ट फी.

म्युझियमला गेलात तर एवढ्यावर थांबू नका, बाहेरचे बोर्ड फुकट आहेत. याच बुलेव्हार्डवर दुभाजकात आणि फ्रीमाँट स्ट्रीटच्या आसपास दुरुस्त केलेले जुने बोर्ड खांबांवर उभे केलेत. समोरच 'सिल्व्हर स्लिपर'चा मोठा चंदेरी बूट, बल्बांनी भरलेला. फ्रीमाँट आणि लास व्हेगास बुलेव्हार्डच्या चौकात 'हासिएंडा'चा घोडेस्वार. म्युझियमने रस्त्यावर पहिल्यांदा पुन्हा पेटवलेला बोर्ड तो, 1996 च्या नोव्हेंबरात. गंमत अशी की ते हासिएंडा हॉटेल त्याच वर्षी 31 डिसेंबरच्या रात्री सुरुंग लावून पाडलं. म्हणजे दीडेक महिना बोर्ड इकडे पेटलेला आणि हॉटेल तिकडे अजून उभं होतं. रस्त्यावर असलेला बोर्ड हाच खरा बोर्ड. लोक खालून जातायत, कुणी वर बघत नाही, सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या टपावर त्याचा रंग सांडतोय. आवारातल्यांना हे मिळत नाही.

जावई गाडी आणायला गेले, आम्ही त्या चंदेरी बुटासमोरच्या फुटपाथवर कुडकुडत उभ्या. तेवढ्यात मामांचा फोन.

"फोटो पाहिले," म्हणाले. "मागची बाजू नाही काढली?"

"मागे जाऊ देत नाहीत, मामा. दोरी आहे."

"हं. मागून बघितल्याशिवाय काय सांगणार? जोड कुठे घेतलेत ते दिसत नाही." मग थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. "पानं एका हाताची आहेत. फुलं दुसऱ्या कुणाची. पानवाला डावखुरा असेल, वळण बघ त्याचं."

मी मघापासून पोटात असलेला प्रश्न विचारून टाकला. "मामा, मी मोजायला गेले आणि चुकले. अंदाजे किती फूट धरायचं ते झाड?"

"ते फुटावर नाही लावायचं," मामा म्हणाले. "नग म्हणून बिल कर."